नूतनीकरणात घरभर लॅन: फोडकामाआधी काय ठरवायचं, भिंत बंद होण्याआधी काय तपासायचं

फ्लॅटचं नूतनीकरण सुरू झालं की वायरमन पहिल्याच आठवड्यात विचारतो, "पॉइंट कुठे कुठे हवेत?" आपण पंख्याचे, दिव्यांचे, एसीचे, गिझरचे सांगतो. इंटरनेटचा विषय निघाला तर "वायफाय आहेच की" म्हणून तो तिथेच मिटतो. दोन महिन्यांनी रंग वाळतो, सामान लागतं, आणि आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसल्यावर आवाज तुटायला लागतो. तेव्हा भिंतीला हात लावायची कोणाचीच तयारी नसते.

वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी विटेच्या एका भिंतीतून बऱ्यापैकी जातात, दुसऱ्या भिंतीशी थकतात आणि आरसीसीच्या कॉलमशी किंवा जांभ्याच्या जाड भिंतीशी जवळपास हार मानतात. त्यावर खरा उपाय म्हणजे खोलीच्या जवळ वायफायचं उपकरण बसवणं आणि त्याला मागून केबल देणं. म्हणजे चांगल्या वायफायलाही भिंतीतलं केबलचं जाळं, म्हणजेच लॅन, लागतंच. शिवाय टीव्ही, कामाचा कॉम्प्युटर, कॅमेरे यांसारख्या जागच्या जागी असलेल्या वस्तू केबलवर गेल्या की हवेतली गर्दी कमी होते आणि फोन-टॅबला वायफाय मोकळं मिळतं.

पुढचं सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती आहे: भिंतीत कायमचा राहणार आहे तो पाइप, केबल नव्हे. केबल दहा-पंधरा वर्षांनी बदलेल, कदाचित त्या जागी फायबर येईल. पाइप नीट टाकला असेल तर तो बदल अर्ध्या दिवसात होतो. केबल प्लास्टरमध्ये थेट गाडली असेल तर तो कधीच होत नाही. म्हणून पैसे कमी पडत असतील तर केबल नंतर घ्या, स्विच (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात तो नेटवर्कचा डबा) नंतर घ्या, पण पाइप आत्ताच आणि भरपूर टाका.

आधी घराच्या भिंती ओळखा

उदाहरणासाठी ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या नव्वदच्या दशकातल्या इमारतीतला, साधारण ७५० चौरस फुटांचा टू बीएचके फ्लॅट घेऊ. अशा इमारतींत सांगाडा आरसीसीचा आणि मधल्या भिंती विटांच्या असतात. आतल्या भिंती बहुधा चार इंची, बाहेरच्या सहा किंवा नऊ इंची. विटेच्या भिंतीत खाच मारता येते. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी असेल तर एक षष्ठांशापेक्षा खोल नको. चार इंची भिंतीत याचा सरळ अर्थ असा, की पाइप वरून खाली उतरवा आणि आडवी धाव छताजवळ, फॉल्स सीलिंगच्या वर घ्या. दोन खोल्यांच्या स्विचबोर्डांसाठी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर खाचा मारण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो होऊ देऊ नका, तिथे भिंत कागदासारखी उरते.

कॉलम आणि बीम यांना ग्राइंडर लावायचा नाही. स्लॅबला भोक पाडायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या. नूतनीकरणासाठी सोसायटीकडे अर्ज करावा लागतोच. त्यातच भिंतीतल्या पाइपांचा उल्लेख केला की पुढे वाद होत नाही.

नव्या टॉवरमध्ये गोष्ट वेगळी आहे. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नव्या इमारती मायवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले. तिथली भिंत म्हणजेच सांगाडा. आत सळया असतात, त्यामुळे खाच मारणं धोक्याचं आहे आणि त्याला परवानगीही नसते. अशा घरात बिल्डरने आधीच टाकलेले टेलिफोन आणि टीव्हीचे पाइप शोधा. त्यांतल्या जुन्या तारेलाच नायलॉनची दोरी बांधून दुसऱ्या टोकाने ओढली की पाइप रिकामा होतो आणि दोरी आत राहते. जिथे पाइप नाही तिथे फॉल्स सीलिंग, वॉर्डरोबची मागची बाजू, टीव्ही युनिटचं पॅनेल आणि स्कर्टिंगलगतची पट्टी एवढेच मार्ग आहेत. सुताराशी आधी बोललात तर हे चारही चांगले मार्ग आहेत.

कोकणातलं किंवा गोव्यातलं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर असेल तर भिंत फोडण्यात अर्थ नाही. चिरा ठिसूळ असतो, खाच वेडीवाकडी फुटते. तिथे माळ्यावरून कडक पीव्हीसी पाइप न्यावा आणि खोलीत उतरताना केसिंग-कॅपिंगची पट्टी वापरावी. माळ्यावर उघडी केबल ठेवू नका, उंदीर ती कुरतडतात.

नेटवर्कचा कोपरा

सगळ्या केबल जिथे एकत्र येतील ती जागा सगळ्यात आधी ठरवा. लोकांना ही जागा टीव्हीखाली सुचते, कारण इंटरनेटवाला राउटर तिथेच ठेवून जातो. मला ती पसंत नाही. टीव्ही युनिट पाच-सात वर्षांत बदलतं, तिथे जागा कमी असते आणि हॉल बहुधा घराच्या एका टोकाला असतो. पॅसेजमधला माळा, पॅसेजच्या कपाटाचा वरचा कप्पा किंवा मुख्य दाराजवळच्या चपलांच्या कपाटाचा वरचा भाग जास्त चांगला.

त्या जागेत चार गोष्टी हव्यात. पहिली, हवा. घरगुती राउटर आणि स्विच साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. बंद कप्प्यात उपकरणाची स्वतःची उष्णता त्यात मिसळते. कप्प्याचं दार जाळीचं किंवा पट्ट्यांचं करून घ्या. दुसरी, इन्व्हर्टरच्या लाइनवरचे किमान चार प्लग. हे वायरमनला वीजजोडणीच्या वेळीच सांगायला हवं, नंतर लाइन बदलणं कटकटीचं होतं. वीज गेल्यावर फायबरचा डबा आणि राउटर चालू राहिले तर बहुतेक वेळा इंटरनेटही चालू राहतं, आणि त्या दोघांना मिळून वीसेक वॉटसुद्धा लागत नाहीत. तिसरी, पाणी नाही अशी भिंत. बाथरूमला लागून असलेली भिंत मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओल धरते. चौथी, हात पोहोचेल अशी उंची. माळ्यावर बॅगांच्या मागे गेलेला स्विच कोणी तपासत नाही.

विजेच्या डीबीमध्ये (एमसीबीच्या पेटीत) किंवा पूर्ण पत्र्याच्या पेटीत वायफाय राउटर ठेवू नका. पत्रा सिग्नल अडवतो. केबल आणि स्विच पेटीत चालतील, वायफायचं काम बाहेरच्या उपकरणांनी करावं.

पॉइंट किती आणि कुठे

घराचा आराखडा कागदावर काढा, अगदी हाताने काढला तरी चालेल, पण फर्निचरसकट काढा. पलंग कुठल्या भिंतीला, टेबल कुठे, टीव्ही कुठे. फर्निचरशिवाय ठरवलेला पॉइंट हमखास पलंगाच्या डोक्याशी किंवा वॉर्डरोबच्या मागे जातो.

आपल्या टू बीएचकेमध्ये मी पॉइंट असे धरेन. टीव्हीमागे तीन: टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि एक मोकळा. दोन्ही बेडरूममध्ये टेबलाशी दोन-दोन. छतावर वायफायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी (वायफाय पसरवणाऱ्या उपकरणासाठी) दोन, एक हॉलमध्ये आणि एक बेडरूमच्या पॅसेजमध्ये. मुख्य दाराबाहेर व्हिडिओ डोअरबेलसाठी एक, जमिनीपासून साडेचार ते पाच फुटांवर. बाल्कनीत कॅमेऱ्यासाठी एक. एकूण अकरा. स्वयंपाकघरात मी पॉइंट देत नाही. तिथे टेबल टाकून कोणी काम करत असेल तर मात्र जरूर द्या.

टेबलासारख्या ठिकाणी एकाऐवजी दोन केबल हा सल्ला उधळपट्टीचा वाटतो, पण खर्चाचा मोठा भाग खाच, पाइप आणि मजुरीचा असतो. त्याच पाइपातून दुसरी केबल ओढायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे एक केबल खराब झाली तर दुसरी तयार असते.

भिंतीवर लावायच्या टीव्हीचा बॉक्स टीव्हीच्या मागेच, साधारण साडेतीन ते चार फुटांवर घ्या आणि खाली युनिटमध्ये दुसरा बॉक्स. या दोन बॉक्समध्ये वेगळा ४० किंवा ५० मिलिमीटरचा पाइप ठेवा. एचडीएमआयचा प्लग मोठा असतो, तो २५ मिलिमीटरमधून वळणावर अडकतो. टेबलाचे पॉइंट वीज प्लगच्याच उंचीवर, पण वेगळ्या बॉक्समध्ये.

आता इंटरनेट घरात येतं तो मार्ग. बहुतेक इमारतींत फायबर जिन्याजवळच्या डक्टमधून येतं आणि मुख्य दाराच्या चौकटीला भोक पाडून आत शिरतं. त्याऐवजी डक्टपासून नेटवर्कच्या कोपऱ्यापर्यंत २५ मिलिमीटरचे दोन पाइप टाका. एक आजच्या कंपनीसाठी, दुसरा उद्याच्या. तंत्रज्ञ साधारणपणे फायबर ओढून नेतो आणि टोकाचा कनेक्टर जागेवर बसवतो, त्यामुळे पाइप असेल तर तोही खूश असतो. डिश टीव्ही असेल किंवा पुढे लागेल असं वाटत असेल तर बाल्कनीपासून टीव्हीपर्यंतही एक रिकामा पाइप ठेवा.

पाइप: इथे घाई करू नका

आयएसआय छाप असलेला कडक पीव्हीसी कंड्यूट घ्या. दुकानात तो लाइट, मीडियम आणि हेवी अशा तीन प्रकारांत मिळतो. भिंतीसाठी मीडियम, फरशीखाली जाणार असेल तर हेवी. साध्या लाइट पाइपवर गवंड्याचा पाय पडला की तो चेपतो आणि आत काय झालं हे कोणाला दिसत नाही.

आकाराचा हिशोब सोपा आहे. पाइपाच्या आतल्या जागेपैकी ४० टक्क्यांहून जास्त जागा केबलने भरू नये. कॅट ६, म्हणजे घरासाठी घ्यायचा नेटवर्क केबलचा प्रकार, साधारण सहा मिलिमीटर जाड असतो. म्हणजे २० मिलिमीटरच्या पाइपात दोन, २५ च्या पाइपात तीन, फार तर चार. मी २० चा पाइप फक्त छतावरच्या एकट्या ॲक्सेस पॉइंटसाठी किंवा कॅमेऱ्यासाठी वापरेन, बाकी सगळीकडे २५. दोन्हींच्या किमतीतला फरक एकूण खर्चात जाणवतही नाही.

वळणांवर खरी कसोटी असते. दोन ओढायच्या जागांमध्ये ९० अंशांची दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. तिसरं वळण येत असेल तर मध्ये जंक्शन बॉक्स द्या. वळणासाठी आखूड एल्बो अजिबात वापरू देऊ नका; लांब बेंड घ्या किंवा पाइपात स्प्रिंग घालून पाइपच वाकवून घ्या. कॅट ६ केबलच्या वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आत जाता कामा नये. आखूड एल्बोत ती जाते, आणि शिवाय ओढताना केबल तिथेच खरवडते.

जंक्शन बॉक्स पुट्टीखाली पुरण्याची सवय अनेकांना आहे. "दिसायला बरं दिसतं" असं सांगितलं जातं. पण ज्या बॉक्सपर्यंत हात पोहोचत नाही तो असून नसल्यासारखा. माळ्याच्या आत, वॉर्डरोबच्या वरच्या पोकळीत किंवा फॉल्स सीलिंगमधल्या दिव्याच्या भोकाजवळ तो ठेवा.

विजेची तार आणि नेटवर्कची केबल एका पाइपात कधीही नको. एका बॉक्समध्येही नको. हा मुद्दा आधी सुरक्षिततेचा आहे: २३० व्होल्टच्या तारेचं आवरण खरवडलं गेलं तर तो प्रवाह तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू शकतो. सिग्नलमधला अडथळा हा त्यानंतरचा मुद्दा. दोन्ही पाइप समांतर जाणार असतील तर किमान सहा इंचांचं अंतर, जागा असेल तर फूटभर. एकमेकांना ओलांडावं लागलं तर काटकोनात ओलांडा. वायरमनला ओळखायला सोपं जावं म्हणून नेटवर्कच्या पाइपांवर रंगीत टेप गुंडाळून ठेवता येते.

फरशीखालून पाइप नेण्याचा मोह होतो, कारण अंतर कमी पडतं. फरशी नवीन बसत असेल आणि मार्ग कोरड्या खोल्यांतून जात असेल तरच न्या. बाथरूमच्या, ड्राय बाल्कनीच्या, मोरीच्या उंबऱ्याखालून नको. शक्य असेल तर छताचाच मार्ग बरा.

प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा. पाइपांच्या तोंडांत कापडाचा किंवा थर्मोकोलचा बोळा घाला, नाहीतर प्लास्टर करताना सिमेंट आत जातं आणि तिथेच दगड होऊन बसतं.

केबल कोणती

घरासाठी कॅट ६, शिल्डिंग (बाहेरचा अडथळा रोखणारं धातूचं आवरण) नसलेली यूटीपी, आत सलग तांब्याची तार. एवढं पुरे. कॅट ६ वर १ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत मिळतो आणि १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत, गर्दीच्या जुडग्यात ३७ मीटरपर्यंत. फ्लॅटमधली सगळ्यात लांब धाव २५ मीटरांवर क्वचितच जाते. कॅट ६ए चांगली आहे, पण जाड आणि ताठ असते, मॉड्युलर बॉक्समध्ये वळवताना त्रास देते. मोठ्या बंगल्यात ॲक्सेस पॉइंटसाठी ती घ्यायला हरकत नाही. कॅट ८ डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या जोडण्यांसाठी आहे. घरात तिच्यावर खर्च करू नका. शिल्ड असलेली केबल नीट अर्थिंग न करता वापरली तर त्या शिल्डचा उपयोग होत नाही.

फसवणूक होते ती सीसीए केबलमध्ये. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. डब्यावर कॅट ६ छापलेलं असतं, किंमत बरीच कमी असते. ही तार वाकवल्यावर लवकर तुटते, तिचा रोध जास्त असतो, आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची झाली तर ती जास्त तापते. दुकानातच तारेचं टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून रुपेरी पांढरी दिसली तर परत करा. डब्यावर "१०० टक्के कॉपर" किंवा "बेअर कॉपर" असे शब्द हवेत, आणि तांब्याचा डबा उचलताना जडही लागतो.

मापाचा अंदाज असा. अकरा पॉइंट, सरासरी १२ मीटर, दोन्ही टोकांना मिळून तीन मीटर जास्तीची. म्हणजे १६५ मीटर. केबलचा पूर्ण डबा ३०५ मीटरचा असतो. सुटी केबल मीटरवर मिळते, पण ती कुठल्या डब्यातली हे कळत नाही. शेजारी किंवा नातेवाइकांकडेही काम निघालं असेल तर एक डबा दोघांत घ्यावा.

वायरमनशी करार आणि कामाचा क्रम

वायरमन पॉइंटवर दर सांगतो. विजेच्या कामात एका बोर्डावरून पुढच्या बोर्डावर तार नेणं नेहमीचं आहे, जुन्या टेलिफोनच्या जोडण्याही अशाच केल्या जायच्या. नेटवर्कला हे चालत नाही. दर ठरवतानाच कागदावर लिहा: प्रत्येक पॉइंटची केबल थेट कोपऱ्यापर्यंत अखंड, मध्ये जोड नाही, पाइप २५ मिलिमीटर मीडियम, लांब बेंड, वीज पाइपापासून वेगळा मार्ग. अनुभवी वायरमन याला विरोध करत नाही, उलट काय हवंय ते स्पष्ट असलं की त्याचं कामही नीट होतं. "दादा, यात तुम्हाला काही अडचण दिसते का?" असं आराखडा दाखवून विचारा. कुठल्या भिंतीत जुना बीम आहे, कुठे प्लंबिंगची लाइन येणार आहे, हे त्याला आपल्यापेक्षा आधी दिसतं.

क्रम सांगतो. फोडकाम संपल्यावर भिंतींवर खडूने प्रत्येक बॉक्सची जागा आणि पाइपाचा मार्ग आखा. त्या दिवशी प्लंबर, वायरमन आणि सुतार तिघेही एकत्र असतील असं पाहा. मग खाचा, पाइप, बॉक्स. मग दोरी ओढून पाहणं. ही पायरी वगळू नका: प्रत्येक पाइपातली दोरी सरसर पुढे-मागे जाते का, हे स्वतः हाताने तपासा. त्यानंतर प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उभी धरून. पुढे पडद्याचा रॉड किंवा चित्र लावायला ड्रिल मारताना हे फोटो तुमचं काम वाचवतात.

मग खाचांवर चिकन मेश (तारेची जाळी) लावून प्लास्टर. प्लास्टर वाळल्यावर, फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी केबल ओढा. हे केबल ओढणं खाचांबरोबरच उरकण्याची घाई होते, पण ओल्या सिमेंटच्या आणि ब्रेकरच्या गडबडीत केबलला इजा होण्याची शक्यता जास्त. ओढताना एक माणूस ढकलतो, दुसरा ओढतो. ताण ११ किलोच्या वजनाइतक्यापेक्षा जास्त नको. अडली तर झटका देऊ नका, मागे घेऊन पुन्हा सोडा. एका पाइपातल्या सगळ्या केबल एकत्रच ओढा. आत एक केबल असताना दुसरी नंतर सारली तर पहिलीचं आवरण घासतं. आणि ओढताना नवी दोरीही सोबत न्या, म्हणजे पुढच्या वेळेला पाइप तयार.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना ओढण्याआधीच क्रमांक लिहा: हॉल १, हॉल २, बेड १ अ. कायम मार्करने आवरणावर लिहा आणि वर पारदर्शक टेप. बहुतेक चांगल्या केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे टिपून ठेवले की प्रत्येक धावेची लांबी मिळते. भिंतीच्या बॉक्समध्ये फूटभर, कोपऱ्यात दीड-दोन मीटर आणि छतावर अर्धा मीटर जास्तीची केबल सोडा. ती गोल करून सैल बांधा. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळला तर आतल्या पिळलेल्या तारांच्या जोड्या दबतात.

यानंतर पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात. फेसप्लेट सगळ्यात शेवटी, रंगाचा शेवटचा हात वाळल्यावर.

टोकं जोडणं

भिंतीतल्या केबलच्या टोकाला प्लग लावायचा नाही, सॉकेट लावायचं. भिंतीतली तार सलग आणि ताठ असते. उपकरणाला जोडणारी पॅच कॉर्ड बारीक तारांची, वाकणारी असते. ताठ तारेला प्लग लावून ती टीव्हीच्या मागे हलवत राहिलं की काही महिन्यांत संपर्क जातो.

आपल्या मॉड्युलर स्विचच्या (विजेच्या बटणांच्या) प्लेटमध्ये आरजे ४५ चं, म्हणजे नेटवर्क केबलचं, सॉकेट मिळतं, पण प्रत्येक ब्रँडचं सॉकेट बहुधा त्याच ब्रँडच्या प्लेटमध्ये बसतं. स्विचचा ब्रँड ठरवतानाच त्याचं कॅट ६ सॉकेट आहे का, विचारा. काही जुन्या मालिकांत फक्त कॅट ५ई मिळतं.

रंगांचे दोन क्रम प्रचलित आहेत, टी ५६८ ए आणि टी ५६८ बी. कुठलाही चालतो, पण घरभर एकच. बी क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सॉकेटवर मात्र तारा या ओळीने बसतीलच असं नाही. त्यावर छापलेल्या रंगांप्रमाणेच बसवा. जोड्यांचा पीळ शेवटच्या १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उसवू नका. हा पीळच एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळू देत नाही.

कोपऱ्यात सगळ्या केबल छोट्या पॅच पॅनेलवर, म्हणजे ओळीने सॉकेट असलेल्या पट्टीवर, घ्या. तिथून अर्ध्या फुटाच्या पॅच कॉर्डने स्विचला. सुटे अकरा प्लग लोंबत ठेवण्यापेक्षा हे नीटनेटकं असतं आणि भिंतीतल्या केबलला पुन्हा हात लावावा लागत नाही.

तपासणी

आठ दिवे लागणारा साधा टेस्टर स्वस्त मिळतो आणि तो तुमच्याकडे असायलाच हवा. तारांचा क्रम बरोबर आहे आणि कुठे तुटलेली नाही एवढं तो सांगतो. वेग तो सांगत नाही. म्हणून टोकं जोडल्यावर प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून जोडणीचा वेग पाहा. १००० एमबीपीएस दिसायला हवा. १०० दिसत असेल तर बहुधा एखादी तार नीट बसलेली नाही: १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे एक जोडी गेली तरी इंटरनेट चालू राहतं आणि दोष लपून राहतो. दोन लॅपटॉप असतील तर दोन्हींवर आयपर्फ३ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवून पाहा, ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा आला की ती केबल उत्तम. हे सगळं वायरमनचा शेवटचा हप्ता देण्याआधी.

टीव्हीवर १०० च दिसलं तर घाबरू नका. अनेक स्मार्ट टीव्हींचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, आणि फोर के चित्रपटाला २५ एमबीपीएसही पुरतात.

स्विच आणि केबलमधून वीज

सगळे पॉइंट पहिल्या दिवशी चालू करायची गरज नाही. वापरात असलेलेच स्विचला जोडा. पण स्विच घेताना पीओईचा विचार करा, म्हणजे केबलमधूनच वीज देणारा स्विच. छतावरचा ॲक्सेस पॉइंट, दारावरची बेल, बाल्कनीतला कॅमेरा यांना वेगळा प्लग लागत नाही आणि स्विच इन्व्हर्टरवर असेल तर हे सगळंच इन्व्हर्टरवर जातं. हिशोब: दोन ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी १५ वॉट, बेल १०, कॅमेरा ८. एकूण ४८ वॉट. ६० ते ६५ वॉट देऊ शकणारा स्विच घ्या. बेलसारख्या उपकरणाला ८०२.३ एएफ मानक पुरतं, ते पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतं. नव्या ताकदीच्या ॲक्सेस पॉइंटना ३० वॉटचं ८०२.३ एटी मानक लागतं. उपकरणावर काय लिहिलंय ते पाहूनच घ्या.

बंगला, आउटहाउस आणि वीज कडाडणं

बंगल्यात मजल्यांमधल्या जिन्यालगत ५० मिलिमीटरचा एक उभा पाइप तळापासून गच्चीपर्यंत न्या आणि प्रत्येक मजल्यावर त्याला बॉक्स द्या. सौरऊर्जेच्या इन्व्हर्टरला, गच्चीवरच्या कॅमेऱ्याला, पाण्याच्या टाकीच्या सेन्सरला पुढे हाच मार्ग कामी येतो.

मुख्य घरापासून आउटहाउसपर्यंत, गोठ्यापर्यंत किंवा फाटकापर्यंत मात्र तांब्याची केबल नेऊ नका. एप्रिल-मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस विजांसह येतो. जवळपास वीज पडली तर दोन इमारतींच्या अर्थिंगच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक निर्माण होतो आणि तो तांब्याच्या तारेतून स्विचपर्यंत येऊन सगळी पोर्टं जाळू शकतो. फायबरमधून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलला जोडणारा छोटा डबा) लावून सिंगल मोड फायबर न्या, जमिनीखाली एचडीपीई पाइपातून, आणि केबलमध्ये लोखंडी आधारतार नाही हे पाहून घ्या. गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, कारण अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टरला तो झटका सोडायला जागाच नसते.

काम संपल्यावर अंतिम आराखडा, केबलचे क्रमांक आणि लांबी, भिंतींचे फोटो आणि स्विच-राउटरचे पासवर्ड यांची एक प्रत घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, आणि क्रमांकांचा तक्ता छापून नेटवर्कच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवा.